बिनरंगाचं डिझेल इंजिन कसं ओळखायचं

हा फोटो नीट बघा. ब्लॅक अँड व्हाइट आहे, एक कोपरा वाळवीनं खाल्लाय. यार्डात मालगाडीचं डिझेल इंजिन उभंय, अंगावर रंग नाही, नुसता प्रायमर आणि मधे मधे लांबी (पुट्टी) भरलेले पांढरट पट्टे. नंबर नाही, शेडचं नाव नाही, काहीच नाही.

ओव्हरहॉलिंगला गेलेलं इंजिन असंच दिसतं, रंगाचं काम शेवटी असतं ना. खिडकीच्या ग्रिलला आपण मारतो तो रेड ऑक्साइड, तसलाच काहीतरी हात मारलेला असतो, आणि ब्लॅक अँड व्हाइटमधे तांबडा, हिरवा, निळा सगळेच करडे. जुन्या ऑर्थो फिल्मवर तर लाल रंग सरळ काळा यायचा. त्यामुळे फोटो कलर करून देणारं ॲप आपल्या मनानं इंजिनाला मरून करतं आणि लोक तेच खरं धरून बसतात, ते प्लीज करू नका. रंग सोडा, लोखंड बघा.

पहिलं म्हणजे गेज, दोन रुळांमधलं अंतर. रूळ गवतात बुडालेत, मोजता येणार नाही, पण इंजिनाच्या तोंडाकडे बघा, डाव्या-उजव्या बाजूला धक्का झेलायचे दोन गोल बफर आहेत. म्हणजे ब्रॉडगेज. मीटरगेजच्या वायडीएम-४ इंजिनाला असे बाजूचे बफर नसतात, मधोमध एकच कपलर, म्हणजे डबे जोडायचा आकडा. हे सांगायचं कारण, वायडीएम-४ पण अमेरिकेतल्या ॲल्को कंपनीचंच डिझाइन, नुसती बॉडी बघून भलेभले फसतात.

मग बॉडी. इंजिनाच्या दोन्ही अंगांना चालायला पट्टी आणि रेलिंग आहे, मधे अरुंद हुड, म्हणजे आतली मशिनरी झाकणारी लांबट पेटी, तिला दारंच दारं. म्हणजे डब्ल्यूडीएम-१ कटाप. ती १९५७ पासून अमेरिकेतून आलेली शंभर इंजिनं, त्यांची बॉडी पूर्ण रुंदीची, चालायची जागा आत.

आता बोगी. आपण डब्याला बोगी म्हणतो, पण रेल्वेवाले चाकांच्या सांगाड्याला म्हणतात, इथे तीच बघायचीय. एका सांगाड्यात तीन ॲक्सल, आणि त्यांच्यातलं अंतर सारखं नाहीये, एक जोडी जवळ, तिसरं लांब. ही ॲल्कोची ट्रायमाउंट बोगी. माझ्या मते सगळ्या फोटोत हाच सगळ्यात भारी पुरावा, कारण दरवाजे बदलतात, दिवे बदलतात, केबच्या (ड्रायव्हरच्या खोलीच्या) काचा बदलतात, पण बोगीची जात सहसा तीच राहते. खास मालगाडीसाठी १९९५ च्या सुमारास आलेलं डब्ल्यूडीजी-२, ज्याला नंतर डब्ल्यूडीजी-३ए म्हणायला लागले, त्याचे ॲक्सल समान अंतरावर असतात. आणि डब्ल्यूडीजी-४ तर लांबूनच कळतं, ४००० हॉर्सपॉवरचं धूड, मागे रेडिएटर बाहेर पसरलेले, वर दोन मोठे पंखे. आपल्या फोटोत हुडच्या टोकाला एकाच पंख्याची जाळी दिसतेय.

मग उरलं कोण? डब्ल्यूडीएम-२. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, एम मिक्स्ड, म्हणजे मेलही ओढायचं आणि मालगाडीही. २६०० हॉर्सपॉवर, सोळा सिलिंडर, १९६२ ला अमेरिकेतून यायला सुरुवात झाली आणि १९६४ पासून वाराणसीच्या डीएलडब्ल्यूत, म्हणजे डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधे, बनायला लागलं. त्याच काळात जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-४ पण आलं होतं, तेही २६०० चंच, पण ती ७२ वरच थांबली, टेक्नॉलॉजी ॲल्कोनं दिली म्हणून ॲल्को जिंकलं. कल्याण आणि पुण्याच्या शेडमधे वर्षानुवर्षं ॲल्कोचीच गर्दी असायची, त्यामुळे आपल्याकडच्या घरातल्या जुन्या फोटोत डिझेल निघालं तर आधी हेच डोक्यात घ्या.

साल काढायचं तर आणखी बारकाईनं. छोटा हुड, म्हणजे केबच्या पलीकडचा आखूड भाग, अरुंद आहे, म्हणजे हे जंबो नाही. जंबो म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी काढलेली थोडी इंजिनं, छोटा हुड पूर्ण रुंदीचा, पुढच्या खिडक्या मोठ्या. दिवा एकच मोठा गोल, नंतरचा जोडदिवा नाही. आणि बफरच्या मधे तो जाडजूड पाइप दिसतोय का, हत्तीच्या सोंडेसारखा? तो व्हॅक्युम ब्रेकचा. एअर ब्रेकचे पाइप बारीक असतात आणि खाली लोंबतात, ते इथे एकही नाहीत, म्हणजे अजून एअर ब्रेक बसवलेला नाही.

एक गडबड मात्र होऊ शकते, निगेटिव्ह उलटी छापलेली असली तर डावं-उजवं सगळं फिरतं. म्हणून मागच्या वॅगनवरची अक्षरं वाचली, सरळ आहेत.

नेमकं कितवं इंजिन, ते बॉडीवरून कळत नाही, एकाच साच्यातली शेकड्यांनी होती. पण फोटो मोठा केला तर केबच्या खाली, प्रायमरवर, कुणीतरी खडूनं काहीतरी लिहिलंय. पहिला आकडा १, दुसरा ८ असावा, पुढचं पुसलंय. पहिल्या डब्ल्यूडीएम-२ चा नंबर होता १८०४०, म्हणजे हे सुरुवातीच्याच लॉटमधलं असायला हरकत नाही. मूळ निगेटिव्ह मिळाली तर उरलेले तीन आकडे वाचून बघू.