बी-१२ला सोबत कोणाची?

१९२०च्या दशकाची अखेर. अमेरिकेतलं बॉस्टन शहर. डॉक्टर विल्यम कॅसल निरोगी माणसाला अर्धकच्चं गोमांस खायला देतात, तासाभराने ते त्याच्या पोटातून बाहेर काढतात आणि नळीने रुग्णाच्या पोटात सोडतात. ऐकूनच ढवळतं. पण समोरचे रुग्ण पर्निशियस ॲनिमियाने, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व अंगी न लागल्याने रक्त कमी होण्याच्या आजाराने, खंगत चालले होते. तेवढंच मांस नुसतं दिलं, तर त्यांना गुण येत नव्हता. निरोगी जठरातून आलेल्या मांसाने मात्र रक्त भरू लागलं!

म्हणजे जठर त्यात काहीतरी घालत होतं. ते होतं एक प्रथिन, इंट्रिन्सिक फॅक्टर. आपल्याला दिवसाला बी-१२ लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. हे प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकाशी नेतं, कारण आत घेणारं दार तिथेच आहे. सोबत नसेल, तर शंभरातला जेमतेम एक भाग आत शिरतो.

आता ही मांजर पाहा. हिलाही हेच प्रथिन लागतं, पण हिच्या जठरात ते तयारच होत नाही. ते येतं स्वादुपिंडातून. म्हणून मांजरीचं स्वादुपिंड बिघडलं, की जनावरांचे डॉक्टर बी-१२ तपासतात, इंजेक्शनं देतात. कुत्र्यात मुख्य काम स्वादुपिंडाचं, थोडा हातभार जठराचा.

रक्तात शिरल्यावर वाहक बदलतात. माणसाच्या रक्तातलं बहुतेक बी-१२ हॅप्टोकोरिनला चिकटून फिरतं. पेशींच्या हाती पडतो तो ट्रान्सकोबालामिनवरचा लहानसा वाटा. उंदराच्या रक्तात अशी दोन वेगळी प्रथिनं नाहीतच, दोघांचे गुण एकातच आहेत. बी-१२वरचे उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, असं मला ठामपणे वाटतं, ते यासाठीच.

आणि डुक्कर? त्याचं इंट्रिन्सिक फॅक्टर आपल्यासारखंच जठरात बनतं आणि बी-१२ला घट्ट धरतं. एके काळी डुकराचं वाळवलेलं जठर याच ॲनिमियावर औषध म्हणून दिलं जाई. आजही आपल्याकडे शाकाहारी घरांतली कितीतरी माणसं बी-१२ तपासायला लॅबमध्ये रक्त देऊन येतात. तिथे आधी रक्तातलं बी-१२ त्याच्या वाहकांपासून सोडवतात. मग ते मोजण्यासाठी पकडून ठेवणारं प्रथिन बऱ्याच तपासण्यांत डुकराचंच असतं.