गाडी बोलते, ऐकणारी कुठाय?

नमस्कार श्रोतेहो. पुढे भला मोठा ट्रक, त्याच्याही पुढच्या गाडीने करकचून ब्रेक दाबला. तुम्हाला दिसतोय फक्त ट्रकचा मागचा फाळका. तुमच्या गाडीला मात्र हे तिथल्या तिथे कळावं, यासाठी गाड्यांनीच आपसांत बोलायची कल्पना निघाली. यंत्र बसवलेली प्रत्येक गाडी सेकंदाला दहा वेळा छोटा संदेश हवेत सोडते: मी कुठे, वेग किती, तोंड कुठे, ब्रेक लागलाय का. सेकंदाला दहा वेळा, बरं का! मोबाइलचा टॉवर नको, सिमकार्ड नको. साधारण तीनशे मीटरच्या टापूतल्या गाड्यांनी तो थेट ऐकायचा.

घरच्या वायफायसारखं पासवर्ड घालून जोडत बसलं, तर तेवढ्यात गाड्या एकमेकींना ओलांडून जातील. म्हणून ८०२.११पी या वायफायच्या भावंडात जोडणीच काढून टाकली. चॅनेलही, म्हणजे लहरींची वाटही, २० ऐवजी १० मेगाहर्ट्झ रुंदीची केली. त्यामुळे बोलणं निम्म्या वेगाचं झालं, दोन चिन्हांमधली, म्हणजे संदेशाच्या लागोपाठच्या तुकड्यांमधली, फट ०.८ वरून १.६ मायक्रोसेकंद झाली, आणि इमारतींवर आपटून उशिरा आलेल्या लहरी पुढच्या चिन्हात मिसळेनाशा झाल्या. एक दुखणं उरलंच. चौकातल्या इमारतीआड दोन गाड्यांना एकमेकींचा पत्ता नसतो. दोघी एकदम बोलतात, मधल्या तिसरीला नुसता गोंगाट.

आता अमेरिकेची गंमत ऐका. तिथल्या दूरसंचार आयोगाने १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झजवळची ७५ मेगाहर्ट्झची रेडिओलहरींची पट्टी यासाठी राखून ठेवली. २०१२ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात सुमारे २८०० गाड्यांवर मोठी चाचणी सुरू झाली. २०१७ मध्ये कॅडिलॅक सीटीएसमध्ये यंत्र बसलं. पण बोलणार कुणाशी? तिच्याच जातीची दुसरी भेटली तर! सगळ्या नव्या गाड्यांना सक्ती करायचा सरकारी मसुदा निघाला, तोही बारगळला. इकडे घरच्या वायफायवाल्यांचा त्या पट्टीवर डोळा होताच. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने तिच्यातले खालचे ४५ मेगाहर्ट्झ त्यांना देऊन टाकले. गाड्यांना उरले ३०. लक्षात ठेवा, ७५ पैकी ३०. आणि तेही ८०२.११पी या जुन्या तंत्राला नाहीत, तर मोबाइलच्या घराण्यातल्या सी-व्ही-टू-एक्सला! ही दोन तंत्रं शेजारी राहतात, पण एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही.

आणि फोक्सवॅगनने? २०१९ मध्ये आलेल्या आठव्या गोल्फमध्ये तेच वायफायचं भावंड बसवलं. ती युरोपात आठशे मीटरपर्यंतचा धोका सांगू शकते, समोरच्या गाडीतही तेच यंत्र असेल तर.