इन्स्टॉलरने सिमलिंक कशी बनवावी

सिमलिंक ही एक छोटीशी फाइल असते आणि तिच्यात फक्त एक पाथ, म्हणजे दुसऱ्या फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता, लिहिलेला असतो. त्या पाथवर खरंच काही आहे का, हे लिंक बनवताना सिस्टीम बघत नाही. पाथ उलगडला जातो तो वापरताना, आणि सापेक्ष (मुळापासून पूर्ण न लिहिलेला) असेल तर लिंक ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून. तुम्ही कमांड कुठे उभं राहून दिली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. माझं म्हणणं, इन्स्टॉलर लिहिणाऱ्याने आधी एवढं पक्कं डोक्यात घ्यावं.

लायब्ररीचं, म्हणजे प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या फाइलचं, उदाहरण घेऊ. 'लिबफू.एसओ' ही लिंक 'लिबफू.एसओ.1'कडे, आणि ती 'लिबफू.एसओ.1.2.3' या खऱ्या फाइलकडे. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये. तरी कित्येक स्क्रिप्ट लिंकमध्ये अख्खा पाथ लिहितात. पॅकेज बांधताना सगळं आधी 'डेस्टडिर' या तात्पुरत्या फोल्डरखाली उतरवतात, मग तोच पाथ लिंकमध्ये जाऊन बसतो. पॅकेज बांधणाऱ्याच्या मशीनवर सगळं चालतं, कारण तिथे ते फोल्डर अजून असतं. वापरणाऱ्याच्या हाती येते ती तुटलेली लिंक! म्हणून लिंकमध्ये नुसतं शेजारच्या फाइलचं नाव लिहा, बस. सापेक्ष पाथ आपोआप काढून देणारा '-आर' हा पर्याय ग्नू प्रकल्पाच्या 'एलएन' या लिंक बनवणाऱ्या कमांडमध्ये आहे, पण पोसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टीमच्या सामाईक प्रमाणात नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

विंडोजवर मामला वेगळा. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमवर विंडोज व्हिस्टापासून सिमलिंक आहेत, पण त्या बनवायला खास परवानगी लागते आणि ती सहसा फक्त ॲडमिनिस्ट्रेटरकडे असते. 2017 च्या विंडोज 10 अपडेटपासून डेव्हलपर मोड ही सेटिंग चालू असेल तर ती अट सुटते, मात्र प्रोग्रामने लिंक बनवताना तसा फ्लॅग (खास खूण) द्यावा लागतो. शिवाय लिंक फाइलची की फोल्डरची, हे बनवतानाच सांगावं लागतं. युनिक्सवर वाढलेल्या कोडला हे माहीतच नसतं. आणि एक्सफॅट या फाइल सिस्टीमच्या पेनड्राइव्हवर तर सिमलिंकची सोयच नाही.

मग करायचं काय? कोड बांधण्याआधी सिस्टीम तपासणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनाची जुनी रीत मला आजही पटते: आधी 'एलएन -एस' चालतं का ते करून बघायचं, नाही जमलं तर हार्डलिंक (त्याच फाइलला दुसरं नाव), तेही नाही तर सरळ कॉपी. सिस्टीमचं नाव विचारून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं. सीमेक या बिल्ड साधनातही 3.14 आवृत्तीपासून 'क्रिएट_लिंक'ला 'कॉपी_ऑन_एरर' (लिंक जमली नाही तर कॉपी) जोडता येतं.

पण कॉपी म्हणजे लिंक नव्हे. पुढच्या अपडेटमध्ये मूळ फाइल बदलते आणि कॉपी जुनीच राहते. सुरक्षेची दुरुस्ती केली तरी प्रोग्राम जुनाच कोड उचलतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून कुठे लिंक केली आणि कुठे कॉपी, याची नोंद इन्स्टॉलरने ठेवलीच पाहिजे. अपडेटच्या वेळी त्या नोंदीवरून कॉपी ताज्या करायच्या. काढून टाकतानाही तीच नोंद कामी येते: लिंक असेल तर फक्त लिंक पुसायची, ती जिकडे नेते त्या फोल्डरमध्ये शिरायचं नाही.