चार वाजेपर्यंतचे शिरोडा

श्रोतेहो, नमस्कार.

रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत जाणाऱ्या सागरी मार्गावर हिवाळ्यात सायकलस्वारांची वर्दळ असते. बहुतेकांचे लक्ष गोव्याकडे लागलेले असल्यामुळे रेडीच्या थोडे अलीकडचे शिरोडा हे गाव चहापुरते थांबून मागे टाकले जाते. गेल्या फेब्रुवारीत मालवणहून निघालो तेव्हा माझाही बेत तसाच होता.

हा रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा, असे माझे मत आहे. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर वायव्येकडून येणारा खारा वारा पाठीला लागतो. जांभ्याच्या सड्यांवर चढायचे, खाडीपाशी उतरायचे आणि पुन्हा चढायचे, हा क्रम दिवसभर चालू असल्याने पाठीवरच्या त्या वाऱ्याची किंमत चांगलीच कळते. परुळे, म्हापण करीत वेंगुर्ल्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मोचेमाडमार्गे आरवलीला आलो. तिथल्या वेतोबाला भाविक केळीचे घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. पायडल मारून दुखावलेल्या पायांनी त्या चपलांच्या राशीसमोर उभे राहिले की ही श्रद्धा सहज पटते.

शिरोड्याच्या बाजारपेठेत शिरताना मागचे चाक बसले. सायकल दुरुस्तीच्या दुकानातले काका फळी लावण्याच्या तयारीत होते. एक वाजला होता. त्यांनी चाकाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "आता जेवूक जातंय, चार वाजता ये." पुण्यात असतो तर मी वाद घातला असता; इथे सगळी पेठच हळूहळू डोळे मिटत होती, तेव्हा वाद कुणाशी घालणार? खानावळीत तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि सोलकढी घेतली आणि पायी मिठागरांकडे निघालो.

शिरोड्याचे मीठ देशाला ठाऊक झाले ते 1930 च्या मे महिन्यातल्या सत्याग्रहामुळे. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी इथल्या आगरांतले मीठ उचलून कायदा मोडला. आज त्या जागी उभे राहिले की आधी दिसते ती मातीची कारागिरी. भरतीचे पाणी बांधातल्या झडपेतून आत घेतात, एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात आणि उन्हाने ते आटत आटत इतके दाट होते की शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे धरू लागतात. बांधावर बसून मी वाफ्यात बोट बुडवले; पाणी कोमट आणि किंचित बुळबुळीत लागले, आणि बोट वाळल्यावर नखाच्या कडेला पांढरी रेघ उमटली. पलीकडे एक बाई लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढत होत्या. त्यांनी विचारले, "खंयसून इलास?" मालवणहून सायकलने, असे सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मगे वायच सावळेत बस." सावली म्हणजे मिठावर घालायच्या झापांचा ढीग होता. मी तिथे तासभर बसलो. छायाचित्र काढायचे राहूनच गेले.

बरोबर चार वाजता दुकानाच्या फळ्या उघडल्या. काकांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवून बुडबुडा शोधला, ठिगळ लावले आणि न सांगता माझी साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल घातले. "खारो वारो हा हो, साखळी खातलो," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. त्या वेळी पुढे निघता आले असते, पण मी राहण्याची खोली शोधली.

दुसऱ्या दिवशी उजाडता रेडीला गेलो. यशवंतगडाच्या जांभ्या तटावरून खाडी पाहिली आणि 1976 मध्ये खाणीत सापडलेल्या द्विभुज गणपतीचे दर्शन घेतले. सागरी मार्ग तिथे संपतो. बरोबरचे दोन सायकलस्वार तेरेखोलच्या दिशेने गेले. मी सायकल वळवली आणि उसळ-पाव संपायच्या आत शिरोड्याला परत आलो.