नाव शेव्हरोलेचं, इंजिन कोणाचं?

(तळेगाव दाभाडे येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

तळेगावात जनरल मोटर्सवर, म्हणजे शेव्हरोले गाड्या बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीवर, बोलायचं म्हणजे जबाबदारीचं काम आहे. समोर बसलेल्यांपैकी काहींनी इथल्या कारखान्यात पाळ्या केल्या आहेत, काहींच्या दारात आजही बीट किंवा टवेरा उभी आहे. त्यामुळे सनावळ्या वाचून दाखवल्या तर तुम्ही उठून जाल, आणि ते बरोबरच होईल. मला या कंपनीकडे मालकाच्या बाजूने बघायचंय. ज्याने पैसे मोजले, पेढे वाटले, चाकाखाली लिंबू ठेवलं, त्या माणसाला कंपनीने नक्की काय विकलं? शंभर वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं आणि त्याच्याबरोबर कंपनीचं नशीबही.

सुरुवात करतो लंडनजवळच्या ब्रुकलँड्स या शर्यतीच्या मैदानापासून. साल १९०८. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक गाड्या पार खिळखिळ्या केल्या गेल्या. इंजिन, गिअर, आस, सगळं सुटं करून तिन्ही गाड्यांचे भाग एकाच ढिगात मिसळले. वर त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या गोदामातले नवे टाकले. मग फिटर बसले. हाताशी पाना, पेचकस, पक्कड, हातोडी, एवढंच; कानस वापरायची नाही. त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या राहिल्या आणि ५०० मैल पळाल्या.

त्या वेळी याची एवढी अपूर्वाई का होती, ते सांगतो. तेव्हाच्या बहुतेक मोटारी म्हणजे एकेक वेगळी वस्तू. भाग मोडला की नवा भाग कारागिराने कानशीने घासून त्याच गाडीला बसता करायचा. एकीचा दट्ट्या दुसरीला जायचा नाही. हेन्री लेलँड या कॅडिलॅकच्या कर्त्याने भाग इतके तंतोतंत घडवले होते की कुठलाही भाग कुठल्याही गाडीला बसावा. मालकासाठी याचा अर्थ सरळ होता. भाग मागवा, बसवा, गाडी चालू. या कामगिरीसाठी कॅडिलॅकला त्याच क्लबचा ड्यूअर करंडक मिळाला, आणि १९०९ साली जनरल मोटर्सने ती कंपनी विकत घेतली.

जनरल मोटर्स स्थापन केली विल्यम ड्युरंट यांनी, १६ सप्टेंबर १९०८ रोजी. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावचा हा माणूस घोडागाड्या बनवून श्रीमंत झालेला. कंपन्या विकत घ्यायचा त्याचा सपाटा असा की ब्युइक, ओल्ड्समोबिल, ओकलंड, कॅडिलॅक, सगळं दोनेक वर्षांत गोळा केलं आणि कर्जात रुतला. १९१० मध्ये बँकांनी कंपनी ताब्यात घेतली. गड्याने लुई शेव्हरोले या शर्यतपटूला हाताशी धरून १९११ मध्ये नवी कंपनी काढली आणि तिच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत मिळवली. १९२० मध्ये पुन्हा गमावली, ती कायमची. म्हातारपणी तो फ्लिंटमध्येच बोलिंगचा अड्डा चालवत होता. या माणसाबद्दल मला आदर आहे. हिशेब कच्चा होता, पण हिंमत अस्सल.

खरा बदल घडवला तो आल्फ्रेड स्लोन यांनी. १९२३ मध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा बाजारात फोर्डच्या मॉडेल टीचं राज्य होतं. स्वस्त, दणकट, सगळ्या सारख्या, आणि कितीतरी वर्षं फक्त काळ्या. स्लोननी हेरलं की ज्याची पहिली गाडी घेऊन झाली आहे त्याला दुसरी गाडी पहिलीसारखी नको असते. जुनी देऊन नवी घेण्याची सोय, हप्ते, चारी बाजूंनी बंद बॉडी आणि दरवर्षी बदलणारं रूप, या चार गोष्टींवर त्यांनी डाव लावला. हप्त्यांसाठी कंपनीची स्वतःची वित्तसंस्था १९१९ पासूनच होती. १९२४ च्या ओकलंडवर ड्यूपाँट या रसायन कंपनीचा नवा ड्यूको रंग आला, निळाशार. जुने रंग वाळायला दिवसच्या दिवस जात, हा काही तासांत वाळे. रंग निवडणं सर्वसामान्य मालकाला परवडू लागलं.

आणि शिडी! सर्वांत खालच्या पायरीवर शेव्हरोले, मग पाँटिॲक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि माथ्यावर कॅडिलॅक. नोकरीला लागलात, शेव्हरोले घ्या. बढती मिळाली, पाँटिॲक. दुकान चाललं, ब्युइक. शेजाऱ्याच्या फाटकात कुठली गाडी आहे यावरून त्याचं कसं चाललंय ते कळायचं. प्रत्येक पायरीवरची गाडी खरोखर वेगळी होती, तिचं इंजिन वेगळं होतं, हे लक्षात ठेवा. १९२७ मध्ये शेव्हरोलेने फोर्डला मागे टाकलं. १९३१ पासून २००७ पर्यंत, सलग ७७ वर्षं, जगात सर्वाधिक गाड्या विकणारी कंपनी जनरल मोटर्स होती.

या वैभवाची दुसरी बाजू कामगारांनी भोगली. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटच्या फिशर बॉडी कारखान्यातले कामगार यंत्रांजवळच बसून राहिले. बाहेर आले असते तर बदली माणसं आत घेतली गेली असती, म्हणून आतच बसले, भर हिवाळ्यात. पोलीस चालून आले तेव्हा त्यांनी गाड्यांच्या बिजागऱ्या फेकून आणि पाण्याचे पाइप सोडून त्यांना परतवलं. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ ला, कंपनीने युनियनला मान्यता दिली. अमेरिकेतल्या कारखान्यात काम करणाऱ्याला मध्यमवर्गीय घर आणि दारात गाडी मिळाली, त्याचा पाया या ४४ दिवसांत घातला गेला असं माझं ठाम मत आहे.

आता मालकाची फसगत कशी झाली त्याकडे येतो. १९७७ सालची गोष्ट. ओल्ड्समोबिलच्या इंजिनाला रॉकेट म्हणत, आणि त्या इंजिनाच्या नावावर लोक शेव्हरोलेपेक्षा जास्त पैसे मोजत. शिकागोकडच्या एका गिऱ्हाइकाने नवी ओल्ड्समोबिल किरकोळ कामासाठी गॅरेजला दिली, तर ओल्ड्समोबिलचे सुटे भाग तिला बसेनात. कारण बॉनेटखाली शेव्हरोलेचं इंजिन होतं! ओल्ड्समोबिलची मागणी वाढली, इंजिनं कमी पडली, कंपनीने शेव्हरोलेची बसवून दिली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्याने खटला भरला, मग इतर राज्यंही उठली, आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली.

त्यावर कंपनीच्या लोकांचं म्हणणं असं की दोन्ही इंजिनांची ताकद जवळपास सारखीच, मग बिघडलं कुठे? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रुकलँड्सला सारखेपणा मालकाच्या उपयोगी पडला होता. इथे तोच सारखेपणा मालकापासून लपवला गेला. ऐंशीच्या दशकात तर वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या गाड्या बाहेरूनही एकमेकींसारख्या दिसू लागल्या, पत्रे तेच, बिल्ला निराळा. शिडी राहिली, पायऱ्यांमधलं अंतर गेलं. मग जास्त पैसे देऊन ब्युइक का घ्यायची? लोकांनी टोयोटा आणि होंडा घ्यायला सुरुवात केली. ओल्ड्समोबिल हे नाव २००४ मध्ये बंद झालं, पाँटिॲक २०१० मध्ये. मधे १ जून २००९ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकी सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर ओतले तेव्हा ती पुन्हा उभी राहिली.

एक प्रसंग मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण तो एका बोटभर भागाचा आहे. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांमधला किल्लीचा स्विच. आतली स्प्रिंग आणि तिने दाबला जाणारा छोटा दांडा कमी पडत होता. जड जुडगा लटकला, गुडघा लागला, रस्त्यात दणका बसला की किल्ली फिरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडायची नाही. २००६ च्या सुमारास स्विच गुपचूप सुधारला गेला, पण भागाचा क्रमांक जुनाच ठेवला. त्यामुळे नव्या गाड्यांत हे अपघात का होत नाहीत, हे तपासणाऱ्यांना कळेना. शेवटी एका मृत तरुणीच्या आईवडिलांच्या वतीने काम करणाऱ्या अभियंत्याने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले. क्रमांक एकच, दांड्याची लांबी वेगळी. २०१४ मध्ये २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. ज्या कंपनीच्या पदरात ब्रुकलँड्सचा करंडक होता, तिथे एकाच क्रमांकाचे दोन वेगळे भाग निघावेत, याची मला आजही चीड येते.

आता आपल्याकडे येऊ. पुष्कळांना वाटतं जनरल मोटर्स नव्वदीत भारतात आली. ती आली १९२८ मध्ये, मुंबईत, शिवडीला. सुटे भाग खोक्यांतून बंदरात उतरायचे आणि तिथे जोडून शेव्हरोले गाड्या आणि ट्रक बाहेर पडायचे. भारतातला मोटार जोडणीचा हा पहिला कारखाना मानतात. पुढे वालचंद हिराचंद यांनी क्रायस्लर या दुसऱ्या अमेरिकन मोटार कंपनीशी करार करून कुर्ल्याला प्रीमियर उभी केली आणि इथेच भाग घडवायचं धोरण धरलं. स्वातंत्र्यानंतर सरकारनेही तोच आग्रह धरला. नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथे बनवा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडी बंद केली. ते सरकारी धोरण मला त्या काळापुरतं रास्त वाटतं.

दुसरी खेप १९९६ ची. गुजरातेत हलोलला ओपेल ॲस्ट्रा, मग कोर्सा. २००३ पासून शेव्हरोलेचं नाव आलं. २००८ मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला, वर्षाला १ लाख ४० हजार गाड्यांच्या क्षमतेचा. सोन्याचा क्रॉस असावा तसा तो बिल्ला आपल्या रस्त्यांवर दिसू लागला. त्यामागे काय होतं? ऑप्ट्रा आणि स्पार्क कोरियाच्या देवूच्या घराण्यातल्या, टवेरा जपानच्या इसुझूच्या, सेल आणि एन्जॉय चीनमधल्या भागीदारीतून आलेल्या. भारतीय शेव्हरोले मालकाने अमेरिकन नावाखाली निम्मी आशिया चालवली!

आणि गाड्या वाईट नव्हत्या, हे मालकच सांगतात. टवेराचा ड्रायव्हर भेटला तर त्याला बोलतं करा. दहा माणसं, टपावर बोजा, घाटात दुसऱ्या गिअरवर न कुरकुरता चढणारं अडीच लिटरचं इंजिन, खाली ट्रकसारखी चासी. पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट करणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी मागच्या समोरासमोरच्या सीटवर गुडघ्याला गुडघा लावून प्रवास केलाय. क्रूझचे मालक तर अजून तिच्या प्रेमात आहेत. दोन लिटरचं डिझेल, टर्बो जागा होईपर्यंत जरा थंड, पण एकदा ओढ लागली की पाठ सीटला चिकटते, आणि दार लावल्याचा तो भरीव आवाज. बीट डिझेलच्या मालकाला विचारलंत तर आधी ॲव्हरेज सांगेल. ९३६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, उभं असताना थरथरतं, पण पेट्रोलपंपावर जीव खात नाही.

तक्रारी कुठल्या? सुटा भाग वेळेवर न मिळणं, सर्व्हिस सेंटर लांब असणं, आणि विकायला काढली की पडणारी किंमत. २०१३ मध्ये टवेराच्या १ लाख १४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण धुराच्या चाचणीसाठी पाठवलेल्या इंजिनांत कंपनीच्याच माणसांनी गडबड केली होती. कंपनीने ते स्वतः सरकारला कळवलं आणि त्या लोकांना काढलं. एवढं श्रेय द्यायला हवं.

मे २०१७ मध्ये घोषणा झाली की वर्षअखेरीनंतर भारतात शेव्हरोले विकली जाणार नाही. ज्याने एप्रिलमध्ये गाडी घेतली त्याच्या गाडीची किंमत मे महिन्यात एका बातमीने कोसळली. सर्व्हिस आणि भाग मिळत राहतील असं आश्वासन होतं. तळेगाव मात्र चालू राहिलं. मेक्सिकोसाठी डाव्या स्टिअरिंगच्या बीट इथे बनत राहिल्या. इथला माणूस रोज शेकडो गाड्या जोडत होता आणि त्यातली एकही त्याला विकत घेता येत नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं, हजाराहून अधिक कामगारांची कोर्टकचेरी सुरू झाली. ग्रेट वॉल या चिनी मोटार कंपनीबरोबरचा सौदा सरकारी मंजुरीअभावी फिसकटला, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

मघाशी एका तरुण मित्राने चिठ्ठी पाठवली: ‘सर, जुनी क्रूझ स्वस्तात मिळतेय, घेऊ का?’ घ्या, पण आधी तीन गोष्टी करा. आपल्या भागात ही गाडी उघडलेला मिस्त्री आहे का ते बघा. टर्बो, इंजेक्टर आणि गिअरबॉक्स त्याच्याकडून तपासून घ्या. आणि दिवे, आरसे, बंपर असे बाहेरचे भाग कुठे मिळतील ते आधी विचारा, कारण इंजिनाचं काम होऊन जातं, गाडी अडते ती हेडलाइटपायी. घरात ही एकच गाडी असणार असेल आणि रोज त्यावरच कामाला जायचं असेल, तर मात्र नका घेऊ.

आता बाकीच्या चिठ्ठ्या बघू.