गोळीबाराच्या गेममुळे मुलं हिंसक होतात का?

नमस्कार. गणपती आटोपून चाकरमानी परतले, की देवगड, मालवण, गुहागरकडून मला दरवर्षी एकच प्रश्न येतो: मुलगा सुट्टीभर मोबाईलवर माणसे मारत बसला होता, तो आता हिंसक होईल का?

हिंसक गेम म्हणजे ज्यात खेळणारा गोळ्या झाडून किंवा मारामारी करून समोरच्या पात्रांना मारतो, असा गेम. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये म्हटले, की अशा गेम्सचा ओरडणे, ढकलणे यांसारख्या वर्तनाशी लहानसा, पण सातत्याने आढळणारा संबंध आहे. मात्र गंभीर हिंसेचे खापर गेम्सवर फोडण्याइतका पुरावा नाही. बातम्यांमध्ये यातला पहिला भाग तेवढा छापला जातो आणि दुसरा गाळला जातो, याची मला मनापासून चीड येते.

पहिली अडचण मोजमापाची आहे. संशोधक आक्रमकता मोजतात तरी कशी, हे पाहू. २००० साली अँडरसन आणि डिल यांनी काही विद्यार्थ्यांना वुल्फेन्स्टाइन ३डी हा गोळीबाराचा, तर काहींना मिस्ट हा शांत गेम खेळायला दिला. नंतर बटण आधी कोण दाबतो, अशी स्पर्धा घेतली, ज्यात जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोडायचा होता. समोर खरा प्रतिस्पर्धी नव्हताच. गोळीबार खेळलेल्यांनी, स्वतः नुकतेच हरलेले असताना, तो आवाज थोडा अधिक वेळ चालू ठेवला. या प्रयोगात आक्रमकता म्हणून मोजले गेले ते एवढेच. त्यावरून कुणाचा मुलगा उद्या कोयता उचलेल, असा निष्कर्ष कुणी काढत असेल, तर तो त्या प्रयोगाच्या कितीतरी पलीकडे गेला आहे.

दुसरी अडचण घरातल्या उदाहरणातून पाहू. माझा मालवणचा भाचा पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी बीजीएमआय, म्हणजे पबजी या गोळीबाराच्या गेमची भारतीय आवृत्ती, खेळत होता. डाव अगदी शेवटच्या टप्प्यात होता आणि नेमकी लाइट गेली. वायफाय बंद पडले, त्याने मोबाईल गादीवर आपटला आणि धाकट्या बहिणीवर खेकसला. ताई म्हणाली, "बघ, गोळ्या झाडून झाडून हा असा झालाय." दुसऱ्या दिवशी कॅरममध्ये क्वीन घेऊन कव्हर चुकल्यावर त्याने स्ट्रायकर तितक्याच रागाने भिरकावला. कॅरममध्ये तर कुणी कुणाला मारत नाही. २०१४ मध्ये प्रिझबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले होते. हिंसेचा लवलेश नसलेला टेट्रिस मुद्दाम अवघड केला, तेव्हाही खेळणाऱ्यांच्या मनातली आक्रमकता वाढली. राग बंदुकीमुळे येतो, की हरल्यामुळे आणि डाव मध्येच तुटल्यामुळे, हे वेगळे केल्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

तिसरी अडचण काळाची आहे. मुळातच तापट असलेले मूल असे गेम निवडते, की गेम त्याला तापट करतो? २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक मुलांवरचे २४ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पुढच्या काळातल्या शारीरिक आक्रमकतेत किंचित वाढ दिसली. उलट २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या १,००४ मुलांच्या वागण्याबद्दल त्यांच्या पालकांना विचारले आणि गेममधील हिंसा त्या गेमला मिळालेल्या अधिकृत मानांकनावरून (कोणत्या वयाला योग्य, त्यात हिंसा आहे का) ठरवली. त्यात संबंध आढळला नाही. माझ्या मते परिणाम असलाच तर तो लहान आहे, आणि हे मी कोणत्याही कंपनीची तळी उचलण्यासाठी म्हणत नाही.

"मग सरकारने पबजीवर बंदी का घातली?" असे अनेकांनी लिहिले आहे. राजकोट पोलिसांनी मार्च २०१९ मध्ये मुलांवरील परिणामांचे कारण देऊन बंदी घातली होती, हे खरे आहे. पण २ सप्टेंबर २०२० ची देशव्यापी बंदी ११८ ॲप्सवर होती आणि तिचे कारण देशाची सुरक्षा व सार्वभौमत्व हे होते. या दोन बंदींची गल्लत करू नये.

पालकांनी करावे काय? मॅच सुरू असताना मोबाईल हिसकावून घेऊ नका. ती संपेपर्यंतची मुदत आधीच ठरवून घ्या. त्याच्या चिडण्याचा क्षणही आठवडाभर टिपून ठेवा: हरल्यावर, रेंज गेल्यावर, जेवायला हाक मारल्यावर, की काहीच कारण नसताना. या चौथ्या प्रकारच्या नोंदी वारंवार येत असतील, तर गेम बंद करून थांबू नका, मुलाला समुपदेशकाकडे घेऊन जा.