खाल्लेलं अंगाला का लागत नाही

मंडळी, आई लेकराला घेऊन आमच्याकडे येते तेव्हा तिचं पहिलं वाक्य पुष्कळदा एकच असतं: ‘डॉक्टरसाहेब, खातो भरपूर, पण अंगाला लागत नाही.’ तीस वर्षं नागपुरात मी हे ऐकत आलो आहे. त्यामागे कधी जंत असतात, कधी सारखे होणारे जुलाब, कधी घरातली ओढाताण. पण थोड्या लेकरांच्या बाबतीत ही तक्रार शब्दशः खरी असते. अन्न पोटात उतरतं, ते पचवणारा रस मात्र आतड्यापर्यंत पोचतच नाही. या आजाराला सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. तो ज्यांनी ओळखला त्या डॉ. डोरोथी अँडरसन यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

त्यांचा जन्म १९०१ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला. वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करता करता त्या वाढल्या आणि विशीच्या आत आईलाही मुकल्या. १९२६ साली जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाल्या. शस्त्रक्रियेत शिरायचं होतं, पण बाई म्हणून ती वाट बंद केली गेली. मग त्या पॅथॉलॉजीकडे वळल्या आणि १९३५ पासून न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये दगावलेल्या लेकरांची शवविच्छेदनं करू लागल्या. या कामाला आपल्याकडेही मान नाही. पण मृत्यूचं कारण कागदावर लिहिलेलंच होतं की दुसरंच काही, हे शेवटी त्याच टेबलावर कळतं.

त्यांच्यासमोर एक मूल आलं. कागदावर निदान होतं सिलिअ‍ॅक, म्हणजे ज्यात गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही आणि आतड्याचं अस्तर झिजतं तो आजार. गव्हाचा हा संबंध तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी तो पुढे दाखवून दिला. त्यामुळे पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे आणि शी तेलकट असली की मुलाला सिलिअ‍ॅकच्या खात्यात टाकलं जाई. अँडरसनबाईंनी स्वादुपिंड, म्हणजे पाचक रस बनवणारी ग्रंथी, कापून बघितलं. निरोगी स्वादुपिंड मऊ असतं, त्यात बारीक दाण्यांचे घोस दिसतात. इथे रस वाहून नेणाऱ्या नळ्या चिकट स्रावाने बुजलेल्या होत्या. रस मागच्या मागे तुंबून पोकळ्या झालेल्या आणि त्यांच्या मधे चिवट तंतू माजलेले. पोकळी म्हणजे सिस्ट, तंतू माजणं म्हणजे फायब्रोसिस. आजाराचं नाव हे असं डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून पडलं.

एका मुलात दिसलं म्हणून त्या थांबल्या नाहीत. जुन्या नोंदी काढल्या, इतरांनी लिहून ठेवलेली प्रकरणं धुंडाळली आणि १९३८ साली ४९ लेकरांची हकिकत छापली. पोटाचा आणि छातीचा त्रास एकाच आजाराची दोन रूपं आहेत, हे तिथे नीट मांडलं गेलं. पुढे जिवंत मुलाच्या लहान आतड्यात बारीक नळी घालून रस काढायचा आणि त्यात पाचक द्रव्यं आहेत का ते तपासायचं, ही पद्धतही त्यांनी बसवली. नाहीतर निदान मेल्यावरच व्हायचं! फुप्फुसं बिघडतात ती ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याने, असं मात्र त्यांना सुरुवातीला वाटलं होतं. ते चुकलं. चरबी पचत नाही म्हणून अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं या मुलांना कमी पडतात हे खरं, पण फुप्फुसाचं दुखणं त्यामुळे होत नाही. तिथेही चिकट कफाने वाटा बुजतात आणि त्यात जंतू ठाण मांडतात.

आता मला जी गोष्ट सर्वांत जवळची वाटते ती सांगतो. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हाने कोसळून इस्पितळात आलेल्या लेकरांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसची मुलं नजरेत भरण्याइतकी होती. अँडरसनबाईंनी ते सहकाऱ्याबरोबर लिहून काढलं. त्यांच्याच इस्पितळातले डॉ. पॉल दि सांताग्नीज या मुलांच्या घामाच्या मागे लागले आणि १९५३ साली उत्तर मिळालं: या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असतं.

न्यूयॉर्कची लाट म्हणजे किती? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अशाच एका मे महिन्यात काटोलकडचं एक कुटुंब दोन वर्षांचा मुलगा घेऊन माझ्याकडे आलं. मुलगा मलूल, डोळे खोल गेलेले. ऊन लागलं म्हणून मी सलाईन लावलं, दोन दिवसांनी घरी पाठवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा तेच केलं. मधल्या काळात दुसरीकडे खोकल्यासाठी त्याला टीबीची औषधं सुरू झाली होती. तिसऱ्या खेपेला रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन मी बसलो. जुलाबाने सुकलेल्या मुलाचं रक्त आम्लाकडे झुकतं. याचं नेमकं उलट होतं, अल्काच्या बाजूला. सोडियम कमी, पोटॅशियम कमी, क्लोराईड तर तळाला गेलेलं. आणि जुलाब तर नव्हतेच! मग मीठ, म्हणजे हेच सोडियम आणि क्लोराईड, गेलं कुठे?

खाटेजवळ आजी बसली होती. ती म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, याचा मुका घेतला का मिठाची कणी चाटल्यासारखं लागते. मी सुनेला पहिल्यापासून सांगून राहिली.’ तिने पोराचा काळा सदरा उलटा करून दाखवला. गळ्यापाशी आणि पाठीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. युरोपातल्या जुन्या समजुतीत असं एक वचन आहे की ज्या लेकराचं कपाळ खारट लागतं ते जगत नाही. काटोलच्या आजीने ते वचन कधी ऐकलेलं नव्हतं. तिने नातवाचा मुका घेतला होता, एवढंच. आणि मी दोन खेपा तिला काहीच विचारलं नव्हतं. ही चूक मला आजही बोचते.

घामाची तपासणी तेव्हा इथे होत नव्हती, मुंबईला पाठवावं लागलं. ही तपासणी १९५९ सालची आहे. पायलोकार्पिन हे औषध सौम्य विजेच्या साहाय्याने कातडीत उतरवायचं, तिथला घाम गोळा करायचा आणि क्लोराईड मोजायचं. ६० मिलिमोलच्या वर गेलं की निदान जवळजवळ पक्कं. त्या मुलाचं क्लोराईड साठच्या पुढे होतं.

घाम खारट आणि कफ चिकट, या दोन गोष्टींचा मेळ मात्र बराच काळ बसत नव्हता. तो बसवला डॉ. पॉल क्विंटन यांनी, १९८३ साली. त्यांना स्वतःलाच हा आजार आहे. पेशीच्या भिंतीतून क्लोराईड जायला एक दार लागतं. घामाच्या नळीत त्या दारातून मीठ परत शरीरात घेतलं जातं. दार बंद असलं की मीठ घामाबरोबर बाहेर पडतं. फुप्फुसात आणि स्वादुपिंडात क्लोराईड त्याच दारातून बाहेर येतं आणि त्याच्या मागोमाग पाणी येतं. तिथे दार बंद असलं की पाणीच येत नाही आणि स्राव गोंदासारखा घट्ट होतो. हे दार बनवणारं जनुक १९८९ साली सापडलं, सातव्या गुणसूत्रावर. लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॅक रिऑर्डन यांच्या कामातून. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, विष आतड्यात हेच दार सताड उघडं ठेवतं, म्हणून त्या रोगात माणूस तासाभरात लिटरभर पाणी गमावू शकतो.

आजार दोन्हीकडून येतो. आई आणि बाप दोघांकडे एकेक बिघडलेलं जनुक असलं, तरच मुलाला होतो, आणि तोही दर खेपेला चारात एक इतक्या शक्यतेने. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडे चाल आहे. नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. म्हणून घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं असतं की सुनेकडे बोट दाखवू नका. तिच्याइतकाच वाटा तुमच्या मुलाचाही आहे.

हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नाही, असं आम्हाला शिकवलं गेलं. युरोपात सर्वाधिक आढळणारा जनुकीय बदल आपल्या रुग्णांत तितका आढळत नाही, म्हणून तेवढ्यापुरतीच केलेली तपासणी कोरी आली तरी निर्धास्त होऊ नये. दार उघडणारी नवी औषधं २०१२ पासून येऊ लागली, २०१९ साली तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला आणि तिकडे या मुलांचं आयुष्य पालटलं. आपल्या घरांना ती किंमत झेपत नाही, आणि याचा मला राग येतो. झेपण्याजोगं जे आहे ते पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल, जीवनसत्त्वं, पाठ थोपटून कफ काढणं आणि उन्हाळ्यात वरून मीठ.

काटोलच्या त्या घरी मी पुढच्या हिवाळ्यात गेलो होतो. आई ओट्यापाशी उभी राहून कॅप्सूल उघडत होती. आतले दाणे तिने सफरचंदाच्या गरात मिसळले. दुधात टाकायचे नाहीत, मुलाला चावू द्यायचे नाहीत, कारण त्यांवरचं आवरण आतड्यात जाऊनच विरघळायला हवं. चमचा तोंडाशी नेऊन ती म्हणाली, ‘गिळ बेटा, चावू नको.’ त्याने गिळलं आणि लगेच ताटातल्या भाताकडे हात नेला. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आता लागून राहिलं अंगाला.’